उंब्रजवरचा लाल ठिपका

“झाड तोडणार न्हाई. आन् पोरीलाबी आणू नगंस,” आकाराम फोनवर म्हणाले.

सासऱ्यांना उलट बोलायची रेश्माला सवय नव्हती. “मामा, संक्रांतीला आबांकडं जायचं म्हणून अपेक्षानं कपडे भरून ठेवलेत.”

“फुलोरा धरतोय म्हन्तीस न्हवं तूच? मग कशाला आणतीस?” एवढं बोलून ते खोकत सुटले आणि फोन बंद झाला.

म्हणणं तिचंच होतं, म्हणून तर जास्त लागलं. सांगलीच्या एका कॉलेजात ती हवेतल्या परागकणांचा अंदाज बांधायची. गावोगावच्या गच्चीवर यंत्र बसवणं कुणाला परवडतंय? म्हणून कुठल्या गावात कुठलं झाड, केवढं, फुलोरा कधी, वारा कुठला, हे सगळं संगणकात भरायचं. मग तो हिशेब करून नकाशावर ठिपके रंगवायचा. लाल ठिपका पडला की त्या गावातल्या दमेकऱ्यांना सकाळी मोबाइलवर इशारा जायचा. दवाखान्यातली गर्दी कमी झाली असं डॉक्टर सांगायचे, तेव्हा रेश्माला आपण काहीतरी कामाचं करतोय असं वाटायचं.

सासरी उंब्रजच्या अंगणातलं वावळाचं झाड तिनं स्वतः नकाशात भरलं होतं. थंडी सरताना त्याचे परागकण उडायचे आणि अपेक्षाची छाती भरून यायची. गेल्या वर्षी तर पोरीचे ओठ निळे पडले आणि तिला कराडला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं.

पण तो नुसता वावळ नव्हता. रेश्माचा नवरा यशराज फौजेत होता. तो गेला तेव्हा अपेक्षा रांगत होती. रक्षा नदीत न सोडता खड्ड्यात घालायची आणि वर झाड लावायचं, ही गावानं पाडलेली रीत. आकारामांनी बांधावरचं रोप आणून लावलं. पुढं ते त्याला झाड म्हणेनातच. जेवायला बसायच्या आधी बुंध्याशी तांब्याभर पाणी ओतायचे आणि म्हणायचे, “यशराजचं झालं, आता माझं वाढा.” सासूबाई लीलाबाई नुसत्या मान हलवायच्या.

दिवाळीत रेश्मानं धीर केला. “मामा, ते काढावं लागेल.”

“पोरीसाठी?”

“पोरीसाठी.”

ते उठले. टोपी घालून रानात निघून गेले. रेश्मा त्याच दुपारी सांगलीला परतली आणि मग संक्रांतीच्या तोंडावर हा फोन आला.

तरीही ती रोज सकाळी त्यांना फोन करायची. “आज उंब्रज लाल आहे, मामा. अंगणात बसू नका. तुमचा खोकलाही त्याचाच.”

“व्हय, त्याचाच आसंल,” ते म्हणायचे आणि लगेच विचारायचे, “पोरगी कशी हाय?”

एकदा अपेक्षानंच फोन ओढून घेतला. “आबा, मी मास्क लावून येऊ का? लांब बसते.”

आबा खोकत म्हणाले, “नगं, माय. अभ्यास कर.”

पोरीनं फोन ठेवला. “आबांना झाडच आवडतं,” ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. रेश्माला तिची समजूत घालता आली नाही, कारण तिच्याही मनात तेच होतं. गेलेल्या मुलापुढं जिवंत नातीची किंमत नसावी, याचा तिला राग येत होता. त्या रागापायी हळूहळू तिनं रोजचा फोनही सोडला.

फाल्गुनात लीलाबाईंचा फोन आला. आकाराम गेले होते.

अपेक्षानं रडून गोंधळ घातला. रेश्मानं नकाशा उघडून पाहिला. उंब्रज अजून लालच होतं. आजोबांचं तोंड पाहायचंही तिच्या नशिबी नाही म्हणायचं आणि काय. पोरीला शेजारच्या अंकिताकडं ठेवून ती एकटीच निघाली.

ती थेट नदीवर पोचली तेव्हा चिता पेटली होती. बायका एका कडेला बसल्या होत्या. लीलाबाईंच्या शेजारी बसून ती खूप रडली. मग हुंदका आवरत हळूच म्हणाली, “आत्या, आता तरी ते झाड काढू या. म्हणजे अपेक्षाला तुमच्याकडं आणता येईल.”

लीलाबाईंनी पदरानं डोळे पुसले. “कुठलं झाड गं? दिवाळीत तू गेलीस आन् दुसऱ्या दिशीच त्येंनी कुऱ्हाड लावली. माझ्या सरणाला ठेवा म्हणले. ती काय, तीच लाकडं जळत्यात.”

रेश्मा चितेकडं बघत राहिली. “मग मला झाड आहे असं का सांगितलं?”

“पुढं टीबी निघाला त्येंना. मला म्हणले, रेश्माला कळू दिऊ नगंस, ती पोरीला घिऊन माझ्या उशाशी यिऊन बसंल.”