काळजीवाहू गाडी

नर्सताईंना नवऱ्याने नवीकोरी गाडी घेऊन दिली, तेव्हा अख्खा वॉर्ड म्हणाला, "नशीब काढलंस बाई!"

चावी हातात देताना नवरा म्हणाला, "जपून चालव. वेग वाढला, रस्ता बदलला, कुठे थांबलीस, सगळं मला मोबाईलवर दिसतं. तुझ्याच काळजीपोटी हं!"

आठवड्याभरात गाडीवर तिचा हात छान बसला. ब्रेक, आरसे, गिअर, सगळं अंगवळणी पडलं. पण घर आणि दवाखाना सोडून चाक कुठे वळवायची सोय नव्हती. एकदा घरी परतताना ती आईच्या दारात थांबली, तर इंजिन बंद करायच्या आतच फोन वाजला. "तिथे काय काम काढलंस?" आई चपला घालून बाहेर येईपर्यंत तिला निघावं लागलं.

सोमवारी दुपारी पुन्हा त्याचा फोन आला. "सकाळपासून गाडी दवाखान्यातच उभी दिसतेय. शहाणी गं माझी बायको!"

"हो ना," ती म्हणाली.



फोन पर्समध्ये टाकून ती आईचा हात धरून बसमधून उतरली, थेट वकीलबाईंच्या ऑफिससमोर.