उपडी वाटी

ललिताचं लग्न झालं ते साल सत्त्याऐंशी. मांडवाचे बांबू अजून दारात पडलेले होते, आणि तिची आई राधाबाई भिलाईत, विद्यापीठाच्या संस्थेत, एका अंधाऱ्या खोलीबाहेर चपला काढत होती. आत यंत्र आहे, पाय पुसून या, असं सांगितलं होतं.

"देवळात जातानी बी इतके पाय नाही पुसले व मी," शेजारीण भागाबाई कुजबुजली.

राधाबाई हसली नाही.

भिलाईबाहेर, अहिवारा गावाच्या वाटेवर, पांढरा गोटा, म्हणजे गारेचा दगड, दळायची एक गिरणी होती. दोघींचे नवरे तिथं कामाला, आणि बिऱ्हाडं गिरणीच्याच खोल्यांच्या लाईनीत, भिंतीला भिंत लागून. संस्थेत डोळ्याला न दिसणाऱ्या कणांचा अभ्यास चाले. तिथली माणसं येऊन घरोघरी खिडकीत काचेची एकेक पट्टी ठेवून गेली होती. हात लावू नका, म्हणाली. पुढं पट्ट्या घेऊन गेली, आणि आज संस्थेचा वार्षिक दिवस म्हणून जीप पाठवून साऱ्या लाईनीला चहाला बोलावलं होतं.

बाहेर कनातीखाली प्रोफेसरांच्या बायका समोसे वाढत होत्या. कोणी बंगाली, कोणी मद्रासी, सगळ्या "आओ बहनजी" म्हणत होत्या. गिरणीच्या बायकांना कोणी कायले बहीण म्हणावं? राधाबाईनं चहाला तोंड लावलं नाही. गिरणीचा मुनीम आनंदराव लाईनीत बजावून गेला होता, ज्याची छाती खराब निघाली त्याचा हिशोब होईल आणि खोली त्याच दिवशी खाली करावी लागेल.

तिचा नवरा पुंडलिक बाहेरच, यंत्राच्या खोलीच्या खिडकीखाली उकिडवा बसला होता, तोंडात लवंग धरून. "खोकलले तर घर गेलं समजा," असं तिनं त्याला जीपमध्येच सांगून ठेवलं होतं.

खोलीत कमलिनी नावाची नागपूरची मुलगी यंत्रापाशी बसली होती. ती तिथं संशोधन करायची. तिनं बटण फिरवलं तसा हिरवा पडदा उजळला.

"ही भागामावशींची काच."

पडद्यावर ज्वारीचं पोतं फुटल्यासारखं झालं. दाणेच दाणे, पाय ठेवायला जागा नाही. भागाबाईनं पदर तोंडावर घेतला. "अवो माय! रोज झाडतो न मी घर!"

"तुमचा दोष नाही, मावशी. डोळ्याला दिसते ती धूळ नाकातच अडते. ही छातीत उतरते अन् तिथंच बसते. झाडूनं जात नाही."

कमलिनीनं पट्टी बदलली. "अन् ही राधामावशींची."

हिरवा पडदा नुसता हिरवा राहिला. मागं उभे असलेले मोठे साहेब पुढं वाकले. "एक ही लाइन, बीच में एक दीवार. ऐसा कैसे हो सकता है?"

कमलिनी वळली. "मावशी, काचेवर काही झाकलं होतं का?"

राधाबाईच्या डोळ्यांपुढं पितळेची उपडी वाटी आली. माणसं पट्टी ठेवून वळली तशी तिनं ती वर घातली होती, आणि जीपचा आवाज आला तेव्हा काढली होती. पुंडलिकलाही सांगितलं नव्हतं.

"कायले झाकू? माह्या घरात धूळ नाही."

कमलिनी जवळ सरकली. आवाज खाली आणून म्हणाली, "मी आपल्याकडचीच आहे, मावशी. ज्यांच्या घरी हे निघालं त्यांच्या माणसांच्या छातीचा फोटो काढून देऊन राहिलो आम्ही, दुर्गच्या दवाखान्यात. गिरणीले सांगणार नाही. खरं काय ते मले सांगा."

आपल्याकडची बोली ऐकून राधाबाईचा जीव क्षणभर सैल पडला. मग तिची नजर मुलीच्या खांद्यावरून भिंतीवर गेली. तिथं कॅलेंडर होतं. कमळातली लक्ष्मी, आणि खाली गिरणीचं धुराडं. तिला वाचता येत नव्हतं, पण ते धुराडं ती ओळखत होती.

ते कॅलेंडर दर दिवाळीला गिरणी साऱ्या भिलाईभर वाटायची. राधाबाईच्या चुलीवरच्या भिंतीलाही तेच होतं. पण घरची भिंत तिला त्या घडीला आठवली नाही.

"खरंच सांगून राहिली मी," ती म्हणाली.

तेवढ्यात खिडकीबाहेर कोणी खोकललं. मग तो खोकला थांबेचना. करपलेलं पातेलं कोणी विटकरीनं घासावं तसा आवाज होता.

कमलिनीनं मान वर केली. "कोण हो ते?"

झोपेतही राधाबाईनं तो खोकला ओळखला असता. तिनं पदर नीट केला.

"काय माहीत बाई. कोणी जीपवाला असंन."

भागाबाईनं तोंड उघडलं, राधाबाईकडं पाहिलं आणि मिटलं.

परत जाताना जीपमध्ये पुंडलिकनं विचारलं, "काय निघालं व आपल्या काचेत?"

"काही नाही. साफ आहे."

"साफ?" त्यानं लवंग बाहेर थुंकली. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळला. "मंग थंडीचाच खोकला होय हा. मी उगाच भेऊन राहिलो होतो."

भागाबाई बाहेर बघत होती.

तिच्या नवऱ्याच्या, देवीदासच्या, छातीचा फोटो पुढच्या महिन्यात निघाला. गिरणीला कळलं नाही. औषध सुरू झालं तसं त्यानं आपणच काम सोडलं आणि दुर्गच्या पद्मनाभपुरात पानठेला टाकला. देवीदास अजून आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाईनीतली पोरं नागपुरी रिवाजानं मारबत, गावाची पीडा बाहेर नेणारा पुतळा, घेऊन निघाली होती. ईडा घेऊन जा, पीडा घेऊन जा, खोकला घेऊन जा, असं ओरडत ती दारावरून गेली. त्याच सकाळी पुंडलिक गेला. साल एकोणनव्वद.