चावडीवर

चावडीच्या पहिल्याच पायरीशी भागाबाईचा पाय अडखळला. महारवाड्यातल्या माणसानं खाली उभं राहून वरचं ऐकायचं, हा गावचा शिरस्ता. मागची मतदानं शेजारच्या गावी, माळावर झाली. या खेपेला, बासष्ट साली, मतपेटी औरादकडच्या तिच्याच गावात आली आणि चावडीच्या ओट्यावर बसली. बीदरची लोकसभेची जागाही यंदाच अनुसूचित जातींसाठी राखीव झाली होती.

"चढ की," पुरुषांच्या रांगेतून गुंडेराव पाटील म्हणाले. "यंदा शिक्का कुठंबी मार, दिल्लीला तुमचाच माणूस जायलाय."

रांग हसली. भागाबाई चढली. मागं पाटलांची बायको इंदिराबाई होती, हातभर अंतर राखून.

बीदरहून आलेल्या साहेबानं नाव वाचलं. शेजारी शाईची बाटली घेऊन गावचे गुरुपादय्या मास्तर बसले होते. जातीनं जंगम, सोवळं पाळणारे. भागाबाईनं सवयीनं पदर पसरला. तिला काही द्यायचं तर ते वरून पदरात टाकायचं, एवढीच रीत तिला ठाऊक.

मास्तर नको म्हणाले तर मत न देताच, गावादेखत, त्याच पायऱ्या उतराव्या लागणार होत्या.

"पदराला शाई लावू का, अक्का?" मास्तर म्हणाले. "लुगडं वाया जाईल. बोट द्या."

"लांबूनच लावा, मास्तर."

"लांबून लागत न्हाई."

त्यांनी तिचं बोट धरलं, काडीनं नखाच्या मुळाशी रेघ ओढली. वर फुंकर घातली. शाई वाळेपर्यंत बोट सोडलं नाही.

आडोशाला जाऊन तिनं शिक्का मारला, कागदाची घडी पेटीत टाकली. मागं वळली तर टेबलापाशी इंदिराबाई उभी. मास्तरांचा तोच हात पुढं झालेला. इंदिराबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. गुंडेराव आता हसत नव्हते.

"मागं सर," ते म्हणाले. "मास्तरनं हात धुतल्याबिगर..."

"चुलीवर वरण ठिवून आलेय," इंदिराबाई म्हणाली. "मास्तर, आटपा की लवकर." आणि तिनं बोट त्यांच्या हातात दिलं.

भागाबाई सावकाश पायऱ्या उतरली. खाली आल्यावर ती चावडीकडं वळली आणि सोयऱ्याच्या घरून निघताना जोडतात तसे तिनं हात जोडले.