चिंध्या गुंडाळलेल्या कुबड्या

“टाके का घालत नाही?” पोराच्या आईनं तिसऱ्यांदा विचारलं.

“गोळीची जखम लगेच शिवली, तर घाण आत कोंडते,” सर्जन म्हणाला. “पाच दिवस उघडी ठेवायची. नासली नाही, तर शिवू.”

“आणि नासली तर?”

“पाय कापावा लागेल.”

तिनं मान हलवली. “मग कागद आणा. सही आत्ताच करून ठेवते. ऐन वेळी तुमचा खोळंबा नको.”

सर्जनला गलबलून आलं. एवढा विश्वास! दोन वर्षं आघाडीवरून गाड्या भरभरून जखमी येत होते. त्याच्या लक्षात आता चेहरे राहत नसत, मोडलेली हाडं तेवढी राहत.

या पोराच्या नडगीचा चुरा झाला होता. चिमट्यात धरल्यावर जे मांस हललं, म्हणजे जिवंत होतं, तेवढंच त्यानं ठेवलं होतं, आणि हाडाला बाहेरून सळ्यांची चौकट बसवली होती.

“डॉक्टर, जरा पाठ टेका,” सिस्टर म्हणाली. “घोड्यासारखे उभ्यानं झोपताय.”

“घोड्याला निदान वेळेवर चारा मिळतो.”

आई खाटेपाशी बसून कुबड्यांना चिंध्या गुंडाळायची, काखेत रुतू नयेत म्हणून. सर्जननं पट्टी सोडली की पुढे वाकायची. “वास येतोय?”

“नाही.”

ती तोंड फिरवायची.

“आई, सारखं काय तेच?” पोरगा कावायचा. “पाय माझा आहे.”

“नऊ महिने मी वाहिलाय तो.”

तिसऱ्या दिवशी ताप चढला. “कापून मोकळे व्हा,” भूल देणारा डॉक्टर म्हणाला. “अर्ध्या तासाचं काम. सही तर आहेच.”

सर्जनचे डोळे मिटत होते. तरी त्या सहीकडे पाहून त्याला कापवेना. तीन तास खपून त्यानं जखम पुन्हा साफ केली. पुन्हा पाच दिवस वाट पाहिली.

आठव्या दिवशी मांस लालबुंद, स्वच्छ होतं. त्यानं स्वतःच्या हातानं टाके घातले आणि बाहेर आला. ती बाकावर बसली होती.

“मावशी, पाय वाचला. वर्षभरात पळायला लागेल.”

तिच्या हातातून कुबडी गळून पडली. आनंदानंच, असं त्याला वाटलं. ती उचलायला तो वाकला.

“थोरल्याच्या वेळीही हेच म्हणाला होतात, डॉक्टर,” ती म्हणाली. “पळायला लागला, त्याच आठवड्यात त्याला परत आघाडीवर नेला.”