आज किती वर?

मी हवामान कार्यालयात आहे आणि धाकटा भाऊ रस्त्यावर डांबर टाकतो. दुपारचा पारा सरासरीपेक्षा तीन अंश वर जाणार असेल, तर त्यांचं काम दुपारी बंद ठेवायचं, असा नियम आहे. म्हणून रोज अकराला त्याचा फोन ठरलेला: "ताई, आज किती वर?"

काल एक्केचाळीस होतं. सरासरी अडतीस, म्हणजे तीन वर. सगळे सावलीत बसले.

आजही एक्केचाळीसच. पण सकाळी साहेबांनी नवा तक्ता माझ्या टेबलावर आपटला. तीस वर्षांच्या सरासरीतली जुनी दहा वर्षं काढून नवी दहा धरली होती. सरासरी आता एकोणचाळीस. सोबतच्या अहवालात कारणंही दिली होती: तोडलेली झाडं, वाढलेलं काँक्रीट, डांबरी रस्ते.

"अहो साहेब, पण ऊन तर कालच्याएवढंच आहे ना!"

"माझ्यावर कशाला डाफरताय? दर दहा वर्षांनी सरासरी बदलतेच. तुम्ही वजाबाकी नीट करा म्हणजे झालं."

मी चिडून तीनदा वजाबाकी केली. तिन्ही वेळा उत्तर तेच.

अकराला फोन वाजला. "ताई, आज किती वर?"

"दोन. पण अरे, ऐक तरी! ऊन नाही उतरलेलं, सरासरी चढलीय..."

तोवर तो पलीकडे ओरडलासुद्धा होता, "चला रे, उचला घमेली! ताई म्हणतेय, आज कालच्यापेक्षा कमी आहे."