मधला चौकोन

"दिसतोय ना चौकोन?" दुकानदाराने विचारलं.

फोटोमावशीने कॅमेरा उजव्या डोळ्यावर आणखी घट्ट दाबला. समोरचं कपाट दिसत होतं, कपाटाच्या वर भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. मधोमध, जिथे उजळ चौकोन असायला हवा, तिथे मात्र एक धुरकट डाग होता.

रेंजफाइंडर म्हणतात तो हा कॅमेरा. डिजिटल असला तरी नेम माणसानेच धरायचा. भिंगाची कडी फिरवायची, मधल्या चौकोनातली दोन चित्रं एकमेकांवर बसवायची, की फोटो स्वच्छ. चौकोन गेला की नेम गेला. तीस वर्षं मावशी याच जातीच्या कॅमेऱ्यांनी प्रसूतिगृहात नवजात बाळांचे फोटो काढत आली होती. बटणाचा आवाज इतका हळू, की झोपलेलं मूलही चुळबुळ करत नसे. गेल्या महिन्यात एक बाळंतीण फोटो बघून म्हणाली होती, "मावशी, कान अगदी छान आलाय. पण डोळे असे पुसट का हो?"

"कॅमेऱ्याचं वय झालं गं," मावशी हसून म्हणाली होती. त्याच आठवड्यात तिने आपला कॅमेरा पुतण्याच्या हातात दिला आणि सांगितलं, "कुठेही विकून टाक, मला डोळ्यांसमोर नको." देण्याआधी पट्टा काढून घेतला. तळाला नातीने हौसेने लावलेला लाल नेलपॉलिशचा ठिपका खरवडून पाहिला, तो काही निघाला नाही. आता तिला जुनाच, पण धड चौकोनाचा दुसरा हवा होता. सोमवारी तीन बाळं वाट बघत होती.

"पुसट आहे हो," ती म्हणाली. आवाज जरा जास्तच चढला.

दुकानदाराने कॅमेरा स्वतःच्या डोळ्याला लावला. "आहे खरा थोडा. पहिलंच मॉडेल हे, आतल्या काचेचा मुलामा उडतो. रंग मात्र असे पुढे कोणी दिले नाहीत."

मावशीच्या जिवात जीव आला. चला, दोष कॅमेऱ्याचाच!

"हा बघा, याच्या नंतरचा. जाडजूड आहे, पण अंधारात रडत नाही."

तिने तो उचलला. कपाट दिसलं, घड्याळाची कड दिसली. मध्ये तोच डाग. तिने कॅमेरा पटकन खाली ठेवला.

एक गोष्ट ती घरात कोणाजवळ बोलली नव्हती. तिची आई साठीच्या आतच घरातल्या बल्बला नावं ठेवायला लागली होती. बल्ब मेला मंद आहे, म्हणायची. तीन बल्ब बदलून झाले. मग एके दिवशी आई मुलींना आवाजावरून ओळखायला लागली. मावशी आता अठ्ठावन्नची होती. एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने बघायचं, मग तो झाकायचा; एवढंच करून पाहायचं होतं. महिनाभर तिने ते केलं नव्हतं.

"याचाही गेलाय," ती कशीबशी म्हणाली.

"याचा? मावशी, नाचता येईना अंगण वाकडं, असं नका करू!" दुकानदार हसला. तिचा चेहरा बघून लगेच गंभीर झाला. "बरं, राहू दे. एक चीज दाखवतो. परवाच आलाय. मॉडेल पहिलंच, पण चौकोन असा लख्ख, की माझ्या उभ्या जन्मात पाहिला नाही. ज्याने हा विकला, त्याला डोळेच नसणार!"

त्याने खणातून काळा कॅमेरा काढला, फडक्याने पुसून तिच्या हातात ठेवला. अंगठा आपोआप मागच्या झिजलेल्या खळगीत जाऊन बसला. हाताला किती बरं वाटलं! तिने मनातल्या मनात हात जोडले आणि उजवा डोळा लावला.

कपाट. घड्याळाची कड. मध्ये डाग.

"काय? आहे ना दिव्यासारखा?"

अंगठा अजून त्या खळगीतच होता, आणि ती खळगी त्याच्या मापाची होती. तिने सावकाश कॅमेरा उलटा केला. तळाच्या पत्र्यावर लाल ठिपका होता, एका कडेने खरवडलेला.

दुकानात पंखा फिरत होता. मावशीने कॅमेरा पुन्हा वर उचलला आणि महिनाभरात पहिल्यांदाच डाव्या डोळ्याला लावला. मधोमध चौकोन लखलखत होता. तिने कडी फिरवली. घड्याळाचे दोन काटे चार दिसत होते, ते सरकत सरकत दोन झाले. किती वाजले तेही स्पष्ट वाचता आलं.

तिने कॅमेरा अलगद काचेच्या काउंटरवर ठेवला, काचेला हात लावायचे नाहीत हे विसरून दोन्ही हातांनी ती काच धरली.

"तुम्ही बरोबर बोललात," ती म्हणाली. "विकणारी मीच."