चिखलातले हात

गुंजवण्याच्या शाळेपुढं जीप येऊन थांबली, तरी बनाबाईनं नोराला पायरीवरून उठू दिलं नाही. परदेशातून शिकवायला आलेली ही कॉलेजातली पोर आज परत निघाली होती, आणि पाहुणीला रिकाम्या ओटीनं धाडायचं नसतं. नोरानं सवयीनं ओढणी पसरली. खण आला, नारळ आला, ओंजळभर तांदूळ आले. ओटीत पडलेलं परत द्यायचं नसतं, हेही तिला बनाबाईनंच शिकवलं होतं.

मग बनाबाईनं पाठीमागं उभ्या असलेल्या लेकीला पुढं ओढलं आणि नोराच्या मांडीवर बसवलं. प्रेरणाच्या अंगात ठेवणीतला फ्रॉक होता, हातात कपड्यांची पिशवी.

"हिला बी घिऊन जा," बनाबाई म्हणाली. "तुज्या ओटीत घातली."

नोराला इथं आणलेल्या संस्थेचा मंदार जीपमधून खाली उतरला. "वहिनी, असं कुणाचं लेकरू नेता येत नाही."

"मग हिनं बोलायचं कुनासंगं? जल्मापास्नं ऐकू न्हाई. या पोरीनं हातानं बोलाया शिकवलं, तवा कुठं हसाया लागली. आता हीच चालली."

बनाबाईचा नवरा बंडू डोंगराकडं तोंड करून उभा होता.

"तुम्हाला पण बोलावलं होतं शिकायला," नोरा तुटक मराठीत म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"लावणी व्हती गं. माजे हात चिखलात व्हते."

नोरानं पोरीला छातीशी धरलं, आणि हलकेच खाली उतरवलं. नोरा उठली तसे ओढणीतले तांदूळ पायरीवर सांडले.

घरी आल्यावर प्रेरणा आईपुढं बसली. चतकोर भाकरी खाल्ली, वर पाणी प्याली, आणि तिचे हात भराभरा बोलायला लागले. कितीतरी बोलत राहिले. बनाबाई डोळे ताणून बघत होती. तिला त्या भाषेतला एकच शब्द येत होता, पाणी. तिनं उठून माठातून तांब्या भरला आणि लेकीपुढं धरला.

प्रेरणाचे हात थांबले. आईच्या तोंडाकडं तिनं जरा वेळ पाहिलं. मग दोन्ही हातांनी तांब्या धरून तिनं तो सगळा पिऊन टाकला.